आईच्या स्मृतिदिनाचं पाणी

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला आमच्या घरी आलेला प्रत्येक माणूस रडला. आणि त्यातल्या निम्म्यांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं.

आई काविळीनं गेली. अकोल्याकडचं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी इतकं खारट, की वरणात मीठ टाकायचं विसरलं तरी कुणी बोलत नाही. म्हणून गावात नळ आला तेव्हा त्याचं नव्या नवरीसारखं कौतुक झालं! त्या नळाची पाइपलाइन मात्र नालीच्या पोटातून जात होती आणि पावसाळ्यात कुठंतरी फुटली. पाणी दिसायला काचेसारखं. अर्धं गाव पिवळं पडलं. बाकीचे हळूहळू उठून बसले. आई उठली नाही.

बाबांना मी अमरावतीला आमच्याकडे घेऊन आले. बाबा एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. जन्मभर वऱ्हाडातल्या प्रत्येक बसस्टँडवरच्या टाकीचं पाणी ओंजळीनं प्यायलेला माणूस! तो माणूस माझ्या घरी येऊन पाण्याचा इन्स्पेक्टर झाला. नळाचं पाणी आधी तुरटी फिरवून ठेवायचं, मग धोतराच्या चौपदरी कपड्यातून गाळायचं, मग उकळायचं, मग निववायचं, मग त्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे, आणि एवढं करून बाटल्या गच्चीवर उन्हात ठेवायच्या. समुद्रापासून ढगापर्यंत आणि ढगापासून धरणापर्यंत पाण्याला होत नसेल एवढा त्रास आमच्या नळापासून माझ्या पेल्यापर्यंत व्हायचा.

"पाणी उकळलं काय वं?"

"हाव बाबा."

"कितीक?"

"बुडबुडे येईस्तोर."

"बुडबुडे त सोड्यालेई येतात! ठेव परत."

(माझा नवरा ऑफिसातच पोटभर पाणी पिऊन घरी यायचा. लोकांचे नवरे भलतंच काही पिऊन येतात, त्या मानानं माझं बरं होतं.)

एकदा माझ्या मुलीच्या पुस्तकातलं जलचक्राचं चित्र बाबा चष्मा लावून बराच वेळ पाहत बसले. समुद्र, वाफ, ढग, डोंगरावरचा पाऊस, नदी, सगळीकडे बाण. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "याच्यात नाली दाखोलीच नाई." आणि उठून गॅसकडे गेले.

आई गेल्यापासून बाबा एकदाही रडले नव्हते. त्यांनी फक्त पाणी उकळलं.

स्मृतिदिनाला भंतेजी येणार होते, गावाकडचे पाहुणे येणार होते, आणि कॉलनीतल्या सगळ्यांना मी जेवायला सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी मी बाबांना समोर बसवलं.

"बाबा, उद्या पाण्याचं नाव काढायचं नाई. लोकं जेवाले येऊन रायले, तपासणी कराले नाई."

"नाई काढत."

"गच्चीवरच्या टाकीत काई टाकायचं नाई."

"आवं, मी काय लहान पोट्टं हाओ काय?"

तरी मी ब्लीचिंग पावडरचा डबा तांदळाच्या कोठीत लपवला. आणि मग मीच विचार करत बसले. बाबांनी टाकीत काही टाकलं नाही, आणि एवढ्या लोकांतून एखाद्याला काही झालं तर? तेही आईच्या दिवशी? म्हणून सकाळी सगळे उठायच्या आत मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर गेले आणि टाकीत पावडर टाकली. किती टाकायची ते डब्यावर लिहिलं होतं. मी त्याहून थोडी जास्त टाकली. (थोडी म्हणजे आपण पाहुण्यांच्या चहात साखर टाकतो तशी.)

आता झालं होतं असं, की माझा धाकटा भाऊ मिलिंद आदल्या संध्याकाळीच अकोल्याहून आला होता, आणि फोनला रेंज नाही म्हणून गच्चीवर गेला होता. आणि माझ्यानंतर बाबा सूर्यनमस्काराला गच्चीवर गेले. बाबांनी जन्मात सूर्यनमस्कार घातलेला नाही! पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पहिला संशय चहानं दिला. चहा उकळत होता आणि पांढरा पडत होता. मी पत्ती वाढवली, तो आणखी फिकट झाला. मिलिंदनं एक घोट घेतला आणि म्हणाला, "ताई, कपबशीचा साबण नीट विसळला नाई वाटते."

दुसरा संशय आमच्या आत्याबाईंना आला. सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते म्हणून निभावलं, पण आत्याबाई निळी साडी नेसून आल्या होत्या. त्या न्हाणीघरात हातपाय धुवायला गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा साडीच्या काठावर पांढरे ढग आले होते.

"काहून वं, तुह्या नळाले काय झालं? माही नवी साडी होये ना!"

आणि कळस म्हणजे, बाबांच्या रोजच्या हुकमावरून स्वयंपाकाचं आणि प्यायचं सगळं पाणी मोठमोठ्या गंजांत उकळत ठेवलेलं! त्या वाफा स्वयंपाकघरातून बैठकीत आल्या. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला त्यांना खोकला आला. त्यांचे डोळे भरले. ते पाहून कॉलनीतल्या बायकांचे भरले. मग गावाकडच्यांचे. मागच्या रांगेतल्या शेजारीणबाई नाकाला पदर लावून मला म्हणाल्या, "किती जीव होता हो सगळ्यांचा तुमच्या आईवर!"

मी हुंदका देऊन मान डोलावली. दुसरं काय करणार?

शेवटी भंतेजी शांतपणे म्हणाले, "ताई, खिडक्या उघडता का जरा?"

खिडक्या उघडल्या. तेवढ्यात आत्याबाई हातात वरणाची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"हे वरण हाय का दवाखान्यातली फरशी पुसाचं पाणी? टाकीत कोणं काय टाकलं, खरं सांगा!"

मी मिलिंदकडे पाहिलं, मिलिंदनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी छताकडे.

"मी टाकली पावडर," मी म्हणाले. "बाबांनी नाई टाकली असन म्हून."

"ताई, तू?" मिलिंद उडालाच. "मी कालच क्लोरीनची बाटली ओतली ना पुरी! मले वाटलं, तुमी दोघंई इसरसान."

बाबा हळूच म्हणाले, "मी दोन मुठी टाकल्या. डबा कोठीत होता."

आधी आत्याबाई हसल्या. मग मिलिंद, मग पाहुणे, भंतेजीसुद्धा. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि अख्खी बैठक खदखदून हसतेय! बाबाही हसले. तोंडाला रुमाल लावून हसले, खांदे हलवत हसले. आणि त्यांचे खांदे थांबेचनात. आम्ही सगळे गप्प झालो तरी ते हलतच होते.

"तिनं पुसलं होतं मले," बाबा म्हणाले. "पाण्याले वास येते का जी, म्हणे. मी हुंगलं. नाई येत म्हटलं. पे म्हटलं, बिनघोर पे."

आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली आणि भावाच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मिलिंदनं बाबांचा हात धरला. मला काहीतरी बोलायचं होतं. 'तुमची काय चूक बाबा, आम्हालाही वास आला नसता.' पण मी फक्त त्यांच्या हातातून निसटलेला रुमाल उचलून दिला. मग भंतेजींनी हलक्या आवाजात वंदना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

जेवण सगळं फेकावं लागलं. शेजारणींनी आपापल्या घरून पोळ्या, भाजी, वरण आणलं आणि भंतेजींचं भोजन वेळेत, दुपारी बाराच्या आत झालं. मिलिंदनं टाकी रिकामी केली. पाणी मोरीतून वाहून गेलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, की आता नळ येणार परवा! जलशुद्धीकरणात घराण्यानं एवढी प्रगती केली, आणि घरात शुद्ध-अशुद्ध कुठलंच पाणी शिल्लक नव्हतं.

पाहुणे गेल्यावर बाबांना तहान लागली. मिलिंद समोरच्या घरून पाण्याची कळशी घेऊन आला. मी पेला भरून दिला. वर्षभरात पहिल्यांदाच बाबांनी काही विचारलं नाही. उकळलं काय, गाळलं काय, काही नाही. एका दमात पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "चांगलं हाय पाणी," आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून शांत झोपले.

मिलिंदनंही पेला पुढे केला. "दे ना ताई, मलेई."

"थांब जरा," मी म्हणाले, आणि कळशी उचलून गॅस पेटवायला गेले.