चारच्या आतला आकडा

बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा निकाल तिरुच्चीच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितला. प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्रंथीच्या बाहेर डोकावू लागलेला. माझे यजमान पन्नास वर्षांचे. त्यांनी नुसता चष्मा पुसला. माझ्या डोळ्यांपुढे रघुअण्णा आले. यांचे थोरले आतेभाऊ, तंजावुरातले आमचे घरचे डॉक्टर.

दोन वर्षांपूर्वी यांना सारखं लघवीला जावं लागे, म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी पीएसए तपासणी करून घेतली. प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं एक प्रथिन त्यात मोजतात. आकडा आला ३.६.

"चारच्या आत आहे. नॉर्मल," अण्णा म्हणाले. माझ्या सासऱ्यांनाही हाच कॅन्सर होता, याची मी आठवण दिली. ते हसले. मोबाइलवर वाचून घाबरू नकोस, म्हणाले.

तिरुच्चीच्या डॉक्टरांनी तो जुना रिपोर्ट पाहिला. "वयाबरोबर ही ग्रंथी वाढते, आकडाही चढतो. सत्तरीत एवढा चालून जातो. पन्नाशीच्या आत अडीचच्या वर गेला, की पुन्हा तपासायचं. कॅन्सर असेलच असं नाही, पण सोडून द्यायचं नाही."

ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. वेटिंग रूममध्ये शेजारच्या बायका जप करत. मी अण्णांना काय बोलायचं ते घोकत बसे. ते सफरचंदं घेऊन भेटायला आले, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. "जाऊ दे ग," हे म्हणाले. मी जाऊ दिलं नाही.

पुढे पापनाशमला नात्यातलं लग्न होतं. मंडळी पानावर बसली होती, अण्णाही. मी पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि घडलेलं सगळं सांगितलं. आधी मराठीत, मग मुलीकडच्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये. रसम वाढणारा जागीच थांबला.

"इथे नको," अण्णा पुटपुटले.

"दवाखान्यात सांगितलं होतं. तिथे तू हसलास."

थोरल्या दिराला मी पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. तो मान खाली घालून भात कालवत राहिला.

आज यांचा पीएसए जवळजवळ शून्य आहे. तिरुच्चीच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला कुणी 'नॉर्मल' म्हणालं, तर एवढं विचारा: कोणत्या वयाला?

त्या लग्नानंतर अण्णाच्या पंचेचाळिशीतल्या धाकट्या भावाने तपासणी करून घेतली. आकडा वयाच्या मानाने जास्त निघाला. सख्खा भाऊ डॉक्टर असूनही तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला. मी तिरुच्चीला पाठवलं. वेळेत सापडलं.

त्याच्या बायकोने माझे हात धरले. तो वाचला याचा मला आनंद झाला. तो अण्णाकडे गेला नाही याचाही झाला, आणि हा आनंद लपवावा असं मला वाटत नाही.