सुपाचा राजीनामा

माझ्या मावससासूबाईंनी ज्याचा राजीनामा मागितला नाही, असा माणूस आमच्या खाडीच्या अलीकडे तरी उरला नव्हता. देवळातल्या गुरवाचा मागितला, कारण तो नैवेद्याच्या वेळी उभ्याउभ्या पेंगायचा. शाळामास्तरांचा मागितला, कारण त्यांची छडी लांब आणि नजर आखूड. आमच्या बोक्याचाही मागितला होता. त्याच्या देखत फडताळातून उंदीर गेला म्हणून. हा शब्द त्यांना वर्तमानपत्राने दिला. त्या काळात मोठमोठी माणसं राजीनामे देत होती आणि आमचे हे ओटीवर बसून ते मोठ्याने वाचत. मावशी सुपात तांदूळ निवडत ऐकत. "सोयीचं आहे हो," त्या म्हणाल्या, "शिवीगाळ नको, कज्जा नको, माणूस आपणहून उठतो." एकदा माझ्या पिठल्यात मीठ जास्त पडलं तेव्हा म्हणाल्या, "सूनबाई, चुलीचा राजीनामा दे." मी पळी त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, उद्यापासून तुम्ही रांधा. त्यांनी पळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "नामंजूर" म्हणून पुढचा घास घेतला.

तरीवरच्या कारकुनाची गोष्ट मात्र वेगळी होती. खाडी ओलांडायला लोकल बोर्डाची एकच तर, म्हणजे शिडाची होडी, आणि ती सोडणारा हा कारकून. माणूस सज्जन, फक्त घाईचा. भरती पुरती चढायच्या आत होडी सोडायचा आणि बांधावरून धावत येणारी माणसं चिखलात उभी राहायची. मावशींची लेक पलीकडच्या गावात दिलेली. आदल्या वर्षी तिला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्याचा निरोप आला. मावशी अजून बांधावरच होत्या आणि होडी सुटली. त्या दुसऱ्या दिवशी पोचल्या. लेक वाचली, मूल गेलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. राजीनामा मात्र दर खेपेला मागत, तोही त्याच्याच तरीत बसून.

"मला काय सांगता मावशी? मी ओहोटीचा नोकर," तो म्हणायचा.

"मग दोघं मिळून द्या."

त्याच सुमारास बोर्डाच्या अध्यक्षपदावरून मामलेदार उठायचे आणि लोकांनी निवडलेले एक म्हातारे वकील बसायचे ठरले. मावशींनी मला दौत आणायला सांगितली. "नव्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं. तो बसतोय न बसतोय तोवर अर्ज त्याच्या मांडीवर पडला पाहिजे. लिही." त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं असतं तर आमच्यावरच फौजदारी झाली असती, म्हणून मी शेवट जरा मऊ केला: 'तरी कारकुनाकडून राजीनामा घेऊन हा वाद मिटवावा, ही विनंती.' मावशींनी खाली अंगठा उठवला.

आता वकीलसाहेबांचं सगळं आयुष्य दिवाणी दाव्यांत गेलेलं. त्यांच्या लेखी राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन लिहून दिलेली तडजोड. खुर्चीवर बसल्याबसल्या पहिलाच अर्ज तडजोडीचा, म्हणून ते खूश झाले आणि त्यांनी दोघांना बोलावून एका बाकावर बसवलं.

"तर तुम्ही दोघं राजी आहात."

"मुळीच नाही," मावशी म्हणाल्या.

"मीही नाही," कारकून म्हणाला.

"छान. एका गोष्टीवर तरी एकमत आहे. कलमं सांगा."

चूक कुठे झाली ते मला दाराशी बसल्याबसल्या कळलं, पण मी गप्प राहिले. हा गेला असता तर दुसरा घाईचा आला असता. आम्हाला माणूस उठायला नको होता, होडी थांबायला हवी होती.

मावशी म्हणाल्या, "लेकीला पुन्हा दिवस गेलेत. या वेळी सासरचे तिला होडीत बसू द्यायला तयार नाहीत. मार्गशीर्षात मलाच पोचलं पाहिजे. मागल्या खेपेला मी बांधावर होते. हा बघत होता."

कारकून खाली बघत म्हणाला, "बाई दिसली होती. तुम्ही आहात हे कसं कळणार? लांबून सगळ्या सारख्याच. दिसेल त्या बाईसाठी थांबलो तर ओहोटी लागून होडी गाळात बसेल."

"मग मी सूप धरीन डोक्यावर. सूप तरी दिसेल ना तुला?"

वकीलसाहेबांनी गंभीरपणे कलम सांगितलं: 'वादी बांधावर सूप उंच धरील, प्रतिवादी सूप दिसताच होडी थांबवील.' राजीनाम्यावर मावशींनी अंगठा उठवला, कारकुनाने सही केली. कारकुनाची नोकरी जागच्या जागी राहिली.

मार्गशीर्षात निरोप आला. मावशी कासोटा खोचून बांधावरून निघाल्या, दोन्ही हातांनी सूप वर धरलेलं, मागून मी गाठोडं घेऊन. होडी सुटलेली होती. कारकून धोतर भिजवत कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि त्याने दोर धरला. मुलगी झाली, मावशींच्याच आवाजाची. बारसं करून परतताना त्यांनी घुगऱ्यांची पुडी कारकुनाच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "राजीनामा अजून हवाच आहे. पण तुला घाई नको."

पुढे गावातली जी ती बाई सूप घेऊन निघायला लागली. कारकून कपाळाला हात लावायचा आणि थांबायचा. मग त्याची बदली झाली. मावशींना जाऊनही आता चार वर्षं झाली. परवा मला निघायला उशीर झाला तेव्हा बांधावर सूप वर केलं. होडी थांबली.

नव्या कारकुनाने सुकाणूवरच्या तांडेलाला विचारलं, "ही काय रीत रे इथली?"

"सूप दिसला का थांबायचा, येवढाच म्हाईत हाय," तांडेल म्हणाला.

मी सूप मांडीवर घेऊन बसले. मावशींचा अंगठा जिथे असायचा, तिथली त्याची कड झिजली आहे. राजीनामा मागायला कोणी नव्हतं.