बेल्टला खोबरेल

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबांना घरात काही कामच उरलं नाही. त्यांनी चिरलेली भाजीसुद्धा आईला चालायची नाही. त्यात दरवर्षी आसपासच्या शेतांत भाताचा पेंढा जाळायला लागले की आईचा दमा उसळायचा आणि बाबा नुसते खिडक्या लावत फिरायचे. शेवटी सोनीपतकडच्या एका जुन्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वापरलेला बेलर घेतला. शेतातला पेंढा उचलून, रुंद रबरी बेल्टांमध्ये गोल फिरवून हे यंत्र त्याचे गठ्ठे बांधतं. आई म्हणाली, "घरातला पसारा कमी होता म्हणून हा."

पहिलं काम नेमकं खंडेनवमीला आलं. शेताच्या मालकाला तिथे लगेच बटाटा लावायचा होता. संध्याकाळपर्यंत पेंढा उचलला तर काडी लावणार नाही, एवढं बाबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी त्याच्याकडचा अतिगोड चहा कितीतरी वेळा प्यायला होता.

सकाळी आम्ही तिघं बेलरच्या पूजेला गेलो. आमच्याकडे खंडेनवमीला विळीपासून कात्रीपर्यंत सगळ्याला तेल लागतं. बाबांनी बेलरला झेंडूची माळ घातली आणि एकेका बेल्टला खोबरेल चोळलं, बाळाला चोळावं तसं. रबर कोरडं पडलं की तडकतं, असं त्यांचं म्हणणं. मीही कौतुकाने फोटो काढले.

शेतात बेल्ट नुसते घसरायला लागले. गठ्ठा फिरेना, पेंढा तोंडाशीच तुंबला. ट्रॅक्टरवरून उतरून सहकाऱ्याने बेल्टला बोट लावलं, वास घेतला आणि तो बांधावर बसून हसतच सुटला.

"भाईसाहब, रबर को तेल? फूल जाएगा ये."

मालक हसला नाही. "शाम तक देखूँगा. फिर मेरी मजबूरी है."

मला बाबांचा इतका राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघितला आणि रडूच आलं. ऑफिसातल्या अख्ख्या हयातीत ते कधी असे मान खाली घालून उभे राहिले नसतील.

आईने नाकावरची ओढणी घट्ट केली. "बेसन आणा," ती म्हणाली. "डोक्याचं तेल जातं, याचं का नाही जाणार?"

आमचे हात आत असताना कुणी यंत्र चालू करू नये म्हणून बाबांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. मालकाच्या घरून डबाभर बेसन आलं. आम्ही ते बेल्टांवर चोळलं, पुसलं, मग बेल्ट साबणाच्या फडक्याने धुऊन कोरडे केले. तेवढ्यात बाबांना एका रोलरच्या टोकाशी जुनी सुतळी गुंडाळलेली दिसली. तिच्यामुळे बेल्ट एका बाजूला सरकून त्याची कड झिजत होती. ती त्यांनी शेवटच्या धाग्यापर्यंत कापून काढली. सहकारी म्हणाला, "बस, अब ये बेल्ट दो सीज़न और चलेगा."

दुपारनंतर पहिला गठ्ठा बाहेर पडला, जरा वाकडा. पुढचे सरळ आले. ऊन उतरेपर्यंत शेत मोकळं झालं. पलीकडच्या दोन शेतांतून मात्र धूर निघत होता, आणि बाबा तिकडेच बघत होते.

मालक जवळ आला. "भाईसाहब, वो धुएँ के पास वाला खेत मेरे भाई का है. अभी जला नहीं है. कल आओगे?"

बाबांनी आईकडे बघितलं. तिला खोकला आला होता. तो थांबेपर्यंत त्यांनी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

"आएँगे," आईच म्हणाली. "तेल मैं घर पे रखूँगी."