डाव्या हाताची बटनं

हात गेला तेव्हा माया खोब्रागडे इंदोऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होती. काचेपलीकडे लोक गायचे आणि अलीकडे माया ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. मधला खोकला कापायची, बिघडलेली ओळ दुसऱ्या टेकमधून आणून अशी जोडायची की गाणाऱ्यालाही सांधा सापडू नये. दसऱ्याआधी भीमगीतांची इतकी गर्दी व्हायची की तिचा डबा तसाच घरी परत जायचा.

उमरेडहून एक कार्यक्रम आटोपून येताना ट्रकनं तिच्या स्कुटीला बाजूनं घासलं. जीव वाचला, पण उजव्या मनगटातली नस तुटली. डॉक्टरांनी ती जोडली, तरी बोटं पुन्हा मिटेनात. चहाचा कप धरता येईना, तिथे माऊस कसला धरता येणार. ती पेटीही वाजवायची, तेही थांबलं. पेटीवर कापड टाकून ती आईला कपाटावर ठेवायला लावली.

स्टुडिओचा मालक जितेंद्र भेटायला आला. तो तिच्या भावाचा मित्र, तिला ताई म्हणायचा.

"ताई, मशीनवर एका नव्या पोराले, अमोलले, बसवलं मी. तू काउंटर सांभाळ. फोन घे, लोकायले टाइम दे."

"मी मशीनवरच बसन," माया म्हणाली.

"एका हातानं?"

"आता दुसरा कुठून आणू?"

जितेंद्र हसला नाही. चहा संपवून निघून गेला.

मायानं घरचा जुना लॅपटॉप काढला. आजवर ती बहुतेक कामं माऊसनंच करायची, कीबोर्डची मोजकी बटनं तेवढी वापरायची. आता सगळं बटनांवरच आणायचं तर नवीच अडचण होती. सॉफ्टवेअरवाल्यांनी शॉर्टकट दोन हात धरून ठेवले होते. पुसायचं बटन पार उजव्या टोकाला, पुढे-मागे सरकायचे बाण तिकडेच. डावा हात सारखा पलीकडे धावायचा आणि परत येताना जागा चुकायचा.

पण कोणतं काम कोणत्या बटनावर ठेवायचं, हे आपल्याला बदलता येतं. माया ते बदलत बसली. क्यू दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, डब्ल्यूवर कापायचं, ईवर जोडायचं, कॅप्स लॉकवर पुसायचं. दोन बटनं एकत्र दाबायची तिथे आधी एक आणि मग दुसरं दाबलं तरी चालेल, अशी सोय केली. कंट्रोल आणि झेड, झालेली चूक मागे घेणारे, मुळातच डाव्या बाजूला होते. ते तिनं तिथेच ठेवले.

आई, तुळसाबाई, समोर बसून मेथी निवडत होती. "काय करून राहिली वं? सकाळपासून टकटक चालू आहे तुही."

"बटनं हलवून राहिली."

"कुठं?"

"माह्याकडे."

सुरुवातीला फार चुका झाल्या. एकदा अख्खं कडवं पुसलं गेलं आणि रागाच्या भरात तिनं लॅपटॉप मिटून टाकला. थोड्या वेळानं उघडून कडवं परत आणलं आणि पुन्हा सुरुवात केली. हळूहळू बोटं खाली न बघता चालू लागली.

मग एका सकाळी ती कोणाला न विचारता स्टुडिओत गेली, मशीनवर आपली बटनं चढवली आणि कामाला लागली. जितेंद्र मागे उभा राहून बघत होता. जोडलेली ओळ त्यानं दोनदा ऐकली. "बस मंग," म्हणाला.

काही दिवस बरे गेले. माया आणि अमोल मशीनवर आळीपाळीनं बसायचे. अमोलची बटनं वेगळी, मायाची वेगळी. बसण्याआधी आपापली लावून घ्यायची, मिनिटाचंही काम नव्हतं. पण अमोल विसरायचा. एकदा गिऱ्हाइकासमोर त्यानं कॅप्स लॉक दाबलं आणि ढोलकीचा ट्रॅक गायब झाला. तो परत आणता येत होता, पण अमोल घाबरला आणि जितेंद्रनं सगळ्यांसमोर आवाज चढवला. त्या दुपारी त्यानं मायाची बटनं कायमची काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी मायानं भीमाबाईला गायला उभं केलं. भीमाबाई तिच्या वडिलांच्या गायन पार्टीतली, आत्याच म्हणा. पहिलं कडवं आदल्या दिवशीच झालं होतं. मायानं क्यू दाबलं. काहीच झालं नाही.

"माही बटनं कुठं गेली, जितेंद्र?"

"काढली. ताई, स्टुडिओत एकच पद्धत चालते."

"कोणाची?"

"जी सगळ्यायची आहे, ती."

"त्या सगळ्यायमध्ये मी नाही का?"

"तू उगाच वाढवून राहिली. काउंटर आहे ना तुह्यासाठी."

माया उठली. पर्स डाव्या खांद्यावर टाकली. "काउंटरवर अमोलले बसव. गिऱ्हाइकाले टाइम देणं तरी त्याले जमन."

भीमाबाई तिच्यामागे रस्त्यावर आली. "पोरी, माहं गाणं अर्धंच राहिलं."

"घरी घेते, आत्या. पण शेजाऱ्याचा कूलर घरघर करते."

"मी सांगते त्याले बंद करायले."

घरी आल्यावर मायाच्या लक्षात आलं की आपली नवी बटनं स्टुडिओच्या मशीनवरच होती. तिथे रोज थोडी थोडी बदलली होती, त्यांची प्रत लॅपटॉपवर घेतलीच नव्हती. ती रिकाम्या टेबलावर डावा हात ठेवून बसली, मनात गाणं चालू केलं आणि बोटं कुठे कुठे पडतात ते बघत गेली. बोटांना सगळं आठवत होतं. तशी तशी तिनं बटनं परत बसवली. आवाज घुमू नये म्हणून खोलीला गोधड्या टांगल्या, भीमाबाईच्या धाकानं कूलर बंद झाला, आणि गाणं नव्यानं पहिल्या कडव्यापासून झालं. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या वाटेवरच्या एका स्टॉलवर ते दिवसभर वाजलं. स्टॉल शेकडो होते, त्यातला हा एक. पण ऐकून दोन पार्ट्या मायाचं घर विचारत आल्या.

मग जितेंद्रचा फोन आला. "ताई, परत ये ना. तुही बटनं कोणी हलवणार नाही."

"मी इथं बरी आहे. काम जास्त झालं तं इकडे पाठव."

त्यानं पाठवलं. अजूनही पाठवतो.

मध्यंतरी एक चॅनेलवाला आला. त्याला 'एका हाताची कलाकार' अशी बातमी करायची होती. मायानं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "गाणं ऐकवते. ते आवडलं तं गाण्याची बातमी करा. हाताची नको."

तो गाणं ऐकून गेला. बातमी आलीच नाही. मायानं वाट पाहिली नव्हती. तो गेला त्याच दुपारी उमरेडची पार्टी यायची होती आणि अजून गोधड्या टांगायच्या होत्या.