शालूचा समुद्र

वडनेर भोलजीच्या चावडीत ग्रामपंचायतीचा रेडिओ होता आणि संध्याकाळी त्याच्यापुढं बसणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या आभाळाची काळजी असे. निवृत्ती माळ्याची तऱ्हाच निराळी. गावाला लागून त्याचं वांग्या-मिरच्यांचं बागाईत होतं, पण त्याच्यावर पाऊस येणार की नाही हे ऐकायला तो थांबत नसे. त्याला हवं असे कोकणाचं हवामान. जिथं त्याची वीतभर जमीन नव्हती, जिथं तो कधी गेला नव्हता आणि जायची छातीही नव्हती, तिथल्या वाऱ्याची चौकशी करणारा हा माणूस गावात ‘कोकणवाला’ म्हणूनच ओळखला जायचा.

“तिकडं काय मासोळ्या पेरल्या का बे?” कडूबा कोतवाल विचारी. रेडिओच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे असे, म्हणून बोलायचा हक्कही त्याचाच.

“मासोळ्या नाही, पोरगी हाय माही तिकडं. फिरव काटा मुंबईवर.”

कडूबा कुरकुरत काटा फिरवी. खरखरीतून एक शांत आवाज कोकण किनारपट्टीच्या येत्या आठवड्याचा अंदाज सांगे आणि निवृत्ती मान खाली घालून ऐके. घरी जाऊन तो सगळा अंदाज तो बायकोला, गोजरबाईला सांगे. अर्धा विसरलेला असे, तो पदरचा घाली.

खरं तर त्यानं पोरगी कोकणात दिलीच नव्हती. शालूला दिलं होतं मलकापूरला, हाकेच्या अंतरावर. जावई इंद्रभान सरकारी कचेरीत कारकून. सोयरीक जमली तेव्हा निवृत्तीनं मनाशी बेत केला होता, की आठवण आली की वांग्याची पाटी घ्यायची, एसटीत बसायचं आणि लेकीला भेटून दिवेलागणीला परत. मग महाराष्ट्र झाला. कारभार नव्यानं लागला तशी बदल्यांची धावही लांबली आणि इंद्रभानची बदली निघाली थेट वेंगुर्ल्याला. महाराष्ट्र झाला त्या दिवशी निवृत्तीनं चावडीवर पेढा खाल्ला होता. तो पेढा त्याला पुढं बरेच दिवस जड गेला.

वेंगुर्ल्याहून यायचं म्हणजे बोटीनं मुंबई आणि तिथून आगगाडीनं नांदुरा. आगगाडीचं काही नाही, पण बोट! समुद्र गावात कुणीच पाहिला नव्हता. ज्यांनी लोणारचं तळं पाहिलं होतं ते, समुद्र म्हणजे त्याचाच थोरला भाऊ, असं छातीठोक सांगत. निवृत्तीनं पूर्णेचा पूर पाहिला होता. तो पूर कायमचा आणि काठच नसलेला, एवढीच त्याला समुद्राची कल्पना होती, आणि झोप उडवायला ती पुरेशी होती.

दोन आखाज्या लेकीविना गेल्या. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सासुरवाशीण माहेरी येते, निंबाला झोका बांधते, मायच्या हातचा रस-कुरडई खाते. ज्या घरी लेक येत नाही त्या घरी सण असून नसल्यासारखा. तिसऱ्या वर्षी शालूचं पत्र आलं, की यांना आठवड्याची रजा मिळाली, आम्ही येतो. गोजरबाई त्या दिवसापासून जमिनीवर चालेना. गहू भिजवले, चीक शिजवला, अंगणात खाटेवर धोतर पसरून कुरडया घातल्या. निवृत्तीनं झोक्यासाठी नवा दोर आणला आणि स्वतःच त्यावर बसून पाहिलं. शेजारणी हसल्या, तर म्हणाला, “पाह्यतो, तुटते का ते.”

पोरगी निघायच्या दोन दिवस आधी तो चावडीत बसला होता. बातम्या चालू होत्या. बंगालच्या उपसागरात मोठं वादळ उठलं आहे, ते पश्चिमेकडे सरकत आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. चावडीत एकच गलका झाला.

“पश्चिमेकडं म्हंजे कोकनातच की!” कडूबा ओरडला. “शालू बोटीत बसन आता!”

त्या गलक्यात कोकणाचा अंदाज कुणाच्याच कानावर पडला नाही. नकाशा समजणारे एक हिंमतराव गुरुजी, ते सुट्टीत आपल्या गावी गेलेले. बाकीच्यांच्या लेखी समुद्र एकच. निवृत्ती तसाच उठून घरी आला. सकाळी पहिल्या एसटीनं तो नांदुऱ्याला गेला आणि तार केली, की वादळ आहे, येऊ नका.

गोजरबाई त्या दिवशी पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “पोरगी वाचली, हेच लय झालं. महाराजाले नारळ बोलले मी. आखाजी होऊ द्या, मंग शेगावले जाऊ.”

आखाजीला निवृत्तीनं झोका बांधला नाही. दोर तसाच खुंटीला राहिला. आंबे पिळले, पण कुरडया तळायला गोजरबाईचा हात उठला नाही.

सण उलटला आणि हिंमतराव गुरुजी परत आले. निवृत्तीनं त्यांना वादळाची हकीकत मोठ्या अभिमानानं सांगितली, पोरीला कशी वेळेवर तार केली ते सांगितलं. गुरुजींनी त्याला शाळेत नेलं. मग त्यांनी शाळेतला नकाशा उघडून बोट ठेवलं. “निवृत्ती, हा बंगालचा उपसागर. आणि वेंगुर्लं हे इकडं. मध्ये सगळा देश आहे.”

“पन पश्चिमेकडं म्हने ना?”

“जमिनीला लागलं की वादळ बहुधा विरतं. इकडचा समुद्र सगळा आठवडा शांत होता, पेपरात रोज येत होतं.”

निवृत्ती घरी न जाता मळ्यात गेला आणि उगीच वाफ्यांना पाणी देत बसला. सगळा आठवडा शांत होता. कुठल्याही दिवशी पोरगी बोटीत बसली असती आणि सुखानं घरी आली असती. तिच्या आणि घराच्या मध्ये समुद्र आलाच नव्हता. आला होता तिचा बाप.

गोजरबाईला हे सांगायचं कसं? शेगावला जाईपर्यंत त्याला धीर झाला नाही. तिनं नारळ फोडला, हात जोडले आणि पुटपुटली, “माह्या पोरीले तुम्ही वाचोलं, महाराज.” तेव्हा मात्र त्याला राहवेना. न घडलेल्या गोष्टीसाठी देवाचे आभार मानणं चाललंय, हे त्याच्या काळजाला झोंबलं. स्टेशनावर गाडीची वाट बघताना त्यानं सगळं सांगून टाकलं.

गोजरबाई ओंजळीत प्रसादाचं खोबरं घेऊन बसली होती. 

“म्हंजे आली असती,” ती म्हणाली.

“हाव.”

ती रडलीही नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, “उद्या फेर तार करा. आता या म्हना.”

तार केली. उत्तर जावयाचं आलं. रजा त्याच आठवड्याची होती, ती संपली. शिवाय थोड्या दिवसांत बोटी बंद होतील, त्या पावसाळा सरेपर्यंत. वादळ तुमच्याकडंच आलं समजून शालू तारेनं फार घाबरली होती, तुम्ही सुखरूप आहात ना, असंही त्यात होतं.

त्या संध्याकाळी निवृत्ती चावडीकडे निघाला, तर गोजरबाई पदर सावरून मागं. चावडीत बाईमाणूस बसत नसे. तो म्हणाला, “तू काऊन येऊन राह्यली?”

“तुमचं आयकनं पाह्यलं मी. आता माहं मी आयकतो.”

ती खांबाला टेकून बसली. माणसं चुळबुळली. कडूबानं न सांगता काटा मुंबईवर नेला. बातम्या झाल्या, हवामान सुरू झालं. गोजरबाईनं हिंमतराव गुरुजींना सगळ्यांदेखत विचारलं, “गुरुजी, याच्यातला आमच्या शालूचा समुद्र कोनता, तो आला की सांगजा.”

गुरुजींनी थोड्या वेळानं बोट वर केलं. येत्या आठवड्यात कोकण किनारपट्टीवर आकाश निरभ्र, समुद्र शांत, हवा उष्ण आणि दमट राहील.

निवृत्तीनं मान खाली घातली. ‘शांत’ हा शब्द त्याला ऐकवेना.

“दमट म्हंजे काय हो?” गोजरबाईनं विचारलं.

“म्हणजे घाम येतो आणि वाळत नाही.”

वैशाखातल्या वडनेरात अंगावर घाम ठरत नव्हता, वाराच पिऊन टाकत होता. गोजरबाईनं पदराचं टोक घेतलं आणि शालूचा घाम टिपावा तसा आपला कोरडा गळा, कोरडं कपाळ हळूहळू पुसलं, आणि पुसतच राहिली.