ठेवून घेणारे डॉक्टर

"ठेवून घ्या." रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवून, मान वर न करता ते एवढंच म्हणायचे. दोन-तीन दवाखान्यांतून परत पाठवलेले नातेवाईक गाडी चालूच ठेवून दारात उभे असत. हे दोन शब्द ऐकले की इंजिन बंद व्हायचं.

तुम्हीही असा एखादा डॉक्टर पाहिला असेल. बोईसरच्या आमच्या रुग्णालयात भाजलेला कामगार असो की डोंगरातून उशिरा आणलेला म्हातारा, इतरांनी हात टेकले की या डॉक्टरांकडे यायचा. मुंबई लांब, माणूस वाटेतच जातो, असं ते म्हणत.

मी घरातली पहिली पदवीधर. माझं काम म्हणजे दर महिन्याला प्रत्येक डॉक्टरच्या कामाचा तक्ता करून त्यांच्या हाती देणं. हेतू चांगलाच होता. त्या तक्त्यामुळे नको तिथे सलाईन लावणं खरंच कमी झालं. पण कुणाचे किती रुग्ण दगावले, हेही त्यात असे; जास्त दगावले की नाव लाल, कमी असले की हिरवं.

"काय पदवीधर, लागला का माझा निकाल?"

"लाल आहे, सर."

"शाळेपासूनची सवय आहे," म्हणत ते माझ्यासाठीही चहा मागवायचे.

लाल रंग काही हटेना. बैठकीत पडद्यावर त्यांचं नाव सगळ्यांत खाली दिसे. एकदा व्यवस्थापकांनी विचारलं, "सर, तुमच्याकडेच एवढे का दगावतात?" त्यानंतर वॉर्डात त्यांच्या तोंडी नवे शब्द ऐकू येऊ लागले, "पुढे पाठवा."

चिंचणीहून धाप लागलेली एक आजी आली. डॉक्टरांची बोटं तिच्या मनगटावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली.

"पुढे पाठवा."

मुलाने हात जोडले. "डॉक्टर, तुमी तं ठेवून घेता ना? तुमचं नाव ऐकूनच आलो आमी."

त्यांनी पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. हायवेला लागण्याआधीच आजी गाडीत दगावली.

त्या महिन्यात त्यांचं नाव पहिल्यांदा हिरवं झालं. तक्ता त्यांनी बराच वेळ पाहिला.

"चिंचणीची आजी यात कुठे आहे?"

"पुढे पाठवलेले आपल्यात धरत नाहीत, सर."

"असं होय."

त्या दिवशी चहा आला नाही. थोड्याच दिवसांत ते नोकरी सोडून गेले. कुठे, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. तक्त्यात आता लाल नाव क्वचितच असतं.

परवा दारात एक जीप थांबली. आतल्या बाईने मलाच विचारलं, "ते ठेवून घेनारे डॉक्टर हायत का?"

"नाहीत," मी म्हणाले.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलंच नव्हतं.