कॅमेरा मोठा पाहिजे!

ऑफिसातले किस्से कपाटामागच्या धुळीसारखे असतात. कोणी आणून टाकत नाही, पण एकदा कपाट हलवलं की टोपलंभर निघतात. परवा चहा पिताना आम्ही हलवलं आणि दुपार गेली.

मी अमरावतीच्या राजापेठेतल्या एका कॅमेरा एजन्सीत बावीस वर्षं आहे. कंपनी जपानची. अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे आमच्याकडे. म्हणजे तिकडे माणसं पांढरे हातमोजे घालून कॅमेरा बनवतात, आणि इकडे आम्ही तो कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतो! आम्ही माणसं तीन. नाना हे मालक, वय पंचाहत्तर. गावंडेभाऊ अकोल्याला दुरुस्तीचं बघतात. आणि मी सुनंदा, जपानशी पत्रव्यवहार करते, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे असं नाना म्हणतात. नानांना इंग्रजी येत नाही.

*

पहिला किस्सा माझ्या आधीचा, ऐकीव आहे.

नानांचं मूळ दुकान बियाण्याचं. कपाशी, तूर, ज्वारी. कंपनीचा मुंबईचा साहेब एजंट शोधत अमरावतीत फिरत होता. उन्हानं हैराण होऊन तो पाणी प्यायला नानांच्या दुकानात शिरला आणि मागचं गोदाम बघतच राहिला. बियाण्याला ओल चालत नाही, म्हणून नानांनी ते गोदाम हाडासारखं कोरडं ठेवलं होतं. लेन्सलाही ओल चालत नाही, लगेच बुरशी धरते. साहेबानं तिथल्या तिथे एजन्सी दिली. नानांनी तोवर आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता.

पहिला कॅमेरा एका मास्तरांनी घेतला. नानांनी सवयीनं सांगितलं, "घेऊन जा गुरुजी, उगवला नाई तं बदलून देईन!"

आठ दिवसांनी मास्तर परत आले. छत्तीस फोटोंच्या रिळातले चारच आले होते. नानांनी चष्मा लावून ते चार फोटो उलटसुलट पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "छत्तिसात चार? उगवण लय कमी हाय. हे घ्या दुसरं रीळ, आणि जरा उजेडात पेरजा."

*

दुसराही ऐकीवच. कंपनीचं फर्मान आलं की रिळं थंड जागी ठेवा. राजापेठेत मे महिन्यात थंड जागा कुठून आणणार? नानांनी घरी फ्रिज आणला. गल्लीतला तो पहिला फ्रिज.

पुढच्या मे महिन्यात मुंबईचे साहेब तपासणीला आले. त्यांनी फ्रिज उघडला तर आत दह्याच्या नऊ वाट्या, शेजारच्यांचा आमरस, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेली दोन रिळं. बाकीचा माल माळ्यावर, पत्र्याखाली!

साहेबांनी काकूंना, म्हणजे नानांच्या मंडळींना, जाब विचारला. काकू म्हणाल्या, "दही नासते बाप्पा. रिळं काय नासून राह्यली?"

रिळं नासलीच होती. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातली प्रत्येक नवरी फोटोत गुलाबी आली. लोक अजून नानांना दुवा देतात.

*

गावंडेभाऊंना रिपोर्ट लिहायचा भारी कंटाळा. एकदा कंपनीनं दणकट कॅमेरा काढला. सहा फुटांवरून पडला तरी काही होत नाही, असा दावा होता. कळवलं की दुर्गम भागात नेऊन चाचणी घ्या आणि अहवाल पाठवा. गावंडेभाऊ तो घेऊन जीपनं मेळघाटातल्या रस्त्यानं धारणीला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते कंबर धरूनच.

त्यांचा अहवाल दोन ओळींचा होता. मी शब्दशः इंग्रजी करून पाठवला. "सहा फुटांवरून पाडण्याची गरज पडली नाही. धारणीपर्यंत नेला, तेवढ्यात काम झालं."

*

आता कुंकवाचा किस्सा. याच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

आमच्याकडे दसऱ्याला फोटोग्राफर कॅमेऱ्याची पूजा करतात. हळद, कुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. आणि दसरा झाला की चार दिवसांत अकोल्याला रांग लागते, कारण कुंकू बटणांच्या फटीतून आत जातं. गावंडेभाऊ बदललेले भाग नियमाप्रमाणे जपानला पाठवत. कारणाच्या रकान्यात मी लिहीत असे, "लाल भुकटी."

एके वर्षी जपानहून पत्र आलं. खाली सही होती तनाका, गुणवत्ता विभाग. लाल भुकटीचा अभ्यास सुरू आहे, तरी स्थानिक मातीचा नमुना पाठवावा.

गावंडेभाऊंनी शेतातली माती पुडीत बांधून पाठवली. काळीकुट्ट! आता जपान आणखीच बुचकळ्यात पडलं. माती काळी आणि भुकटी लाल कशी? शेवटी नाना म्हणाले, "सुनंदा, सरळ लिहून टाक, धार्मिक हाय म्हणून."

लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं. "सदर धार्मिक भुकटी हंगामी आहे काय?"

मी कळवलं, होय, दसऱ्याला. तेव्हापासून दरवर्षी सप्टेंबरात तनाकांचं न चुकता पत्र यायचं. "भुकटीचा हंगाम जवळ आला आहे. कृपया काळजी घ्यावी." पुढे त्यांची बदली डिझाइन खात्यात झाली, तरी पत्र चालूच राहिलं. नाना म्हणायचे, "आपल्या पोराइले सणवार आठवत नाई, आन या माणसाले बराबर आठवते!"

*

आणि मग तो छोटा कॅमेरा आला. कंपनीचा हुकमाचा एक्का. हलका, तळहातावर मावणारा. बार्शीटाकळीच्या विलास फोटोवाल्यानं पहिला नेला आणि चौथ्या दिवशी रडवेला होऊन परत आला.

झालं असं, की तो लग्नात उभा राहिला आणि नवरदेवाच्या मामांनी त्याला मांडवाबाहेर काढलं. "आमी फोटोवाला सांगतला होता, पाहुणा नाई! हे मोबाईलवानी काय धरून राह्यला बे हातात?"

बातमी दोन्ही जिल्ह्यांत पसरली. छोट्या कॅमेऱ्याला कोणी हात लावेना. त्यातच कंपनीनं कळवलं की लहान एजन्स्या बंद करायच्या आहेत. छोटा कॅमेरा खपला नाही तर तुमचे जिल्हे नागपूरला जोडू. त्या दिवशी नानांनी डबा उघडलाच नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

मार्ग काढला गावंडेभाऊंनी. मेळघाटच्या सागवानाचा एक ठोकळा घेतला. तो तासला आणि गाडीचं सीट शिवणाऱ्याकडून वर काळं रेक्झिन चढवून घेतलं. कॅमेऱ्याच्या खाली स्टँडच्या स्क्रूचं भोक असतं, त्यात तो बसवला. वर एका मेलेल्या कॅमेऱ्यावरची कंपनीची पट्टी चिकटवली. छोटा कॅमेरा एकदम दांडगा दिसायला लागला! जपाननं वर्षानुवर्षं खपून तो लहान केला होता. गावंडेभाऊंनी दोन दिवसांत मोठा केला.

पुढच्या लग्नात त्याच गावात विलासला पहिल्या पंगतीला बसवलं.

ठोकळा आम्ही फुकट द्यायला लागलो. छोटा कॅमेरा असा उचलला गेला, की जपानला संशय आला. जिथे काहीच खपत नव्हतं तिथे अचानक एवढं काय झालं? हे बघायला माणूस येतोय, असं पत्र आलं.

माणूस म्हणजे खुद्द तनाका!

नानांनी करारनामा काढायला लावला. मी कलम वाचून दाखवलं. मालात स्थानिक पातळीवर कोणताही फेरफार आढळल्यास एजन्सी तात्काळ रद्द. आणि आमच्या फेरफारावर तर कंपनीचं नावही चिकटवलेलं होतं! नानांनी दोन्ही जिल्ह्यांत फोन फिरवले. "तीन दिवस ठोकळे पेटीत ठेवा बाप्पा. दिसला तं आपलं दुकान उठलं."

*

तनाकासाहेब आले. बारीक, पिकलेले, मान लववून बोलणारे. म्हणाले, मला हा कॅमेरा एखाद्या लग्नात काम करताना बघायचा आहे. नाही कसं म्हणणार? विलासकडे बार्शीटाकळीच्या एका भर दुपारच्या लग्नाचं काम होतं. आम्ही चौघं गेलो. साहेबांना फेटा बांधला गेला.

विलास शब्दाला जागला. नुसता छोटा कॅमेरा घेऊन उभा राहिला. मंगलाष्टकं संपत आली आणि नवरीचे मामा, हे वेगळे मामा, हात वर करून ओरडले, "थांबा! मोठा कॅमेरा कुठी हाय? तो येईस्तोवर हार घालू देणार नाई!"

भटजी थांबले. नवरा-नवरी हार धरून ताटकळले. विलासनं नानांकडे बघितलं. नानांनी मांडवाच्या कापडाकडे बघितलं. गावंडेभाऊ वाकून चपलेचा पट्टा लावायला लागले. त्यांच्या चपलेला पट्टा नव्हता.

शेवटी नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. विलासला ते बघवेना. त्यानं पिशवीत हात घातला, ठोकळा काढला आणि सगळ्यांदेखत फिरवून बसवला.

"हां! आता कसं!" मामा म्हणाले. अक्षता पडल्या. मामांनी ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि त्या सागवानाला ठसठशीत टिळा लावला.

तनाकासाहेब जवळ गेले. त्यांनी टिळ्याकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "हंगाम तर संपला ना?"

मी म्हटलं, "साहेब, लग्नातही असतं."

त्यांनी वही काढून काहीतरी लिहून घेतलं. मग ठोकळा सोडवून हातात घेतला. कंपनीच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. विचारलं, "हा कशासाठी? फोटो तर तोच येतो."

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? नाना पुढे झाले. मी इंग्रजी करत गेले. "फोटो तोच येते साहेब. पण फोटो लोकायले दोन महिन्यानं दिसते. कॅमेरा आत्ता दिसून राह्यला. पोरीच्या बापानं काही कमी नाई केलं, हे चार लोकायले आजच समजलं पायजे."

साहेबांनी ठोकळा तळहातावर तोलला. मग म्हणाले, "याच्या आधीच्या कॅमेऱ्यापेक्षा याचं वजन मी कमी केलं. अकरा वर्षं लागली. दोनशे चाळीस ग्रॅम."

आम्हा तिघांनाही वर बघवेना. पानात बुंदी तशीच राहिली. साहेबांनी ठोकळा मागून घेतला, रुमालात गुंडाळला, बॅगेत ठेवला आणि मान लववून गेले.

परतीच्या वाटेवर गावंडेभाऊ एवढंच म्हणाले, "पुरावा घेऊन गेला."

*

मग काहीच नाही. पत्र नाही, मेल नाही. पावसाळा सरला. नानांनी माळ्यावरून बियाण्याच्या दुकानाची जुनी पाटी उतरवायला लावली आणि स्वतः ओल्या फडक्यानं पुसली. गावंडेभाऊंनी एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे शब्द टाकून ठेवला. मी सप्टेंबरभर पोस्टमनची वाट बघितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भुकटीचं पत्र आलं नाही. "तो दसरा इसरला म्हणजे संपलं," नाना म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आम्ही पूजेला जमलो होतो. गावंडेभाऊ अकोल्याहून आले होते. शेवटची पूजा म्हणून काकूही आल्या होत्या. तेवढ्यात कुरिअरवाला एक खोकं ठेवून गेला. जपानचं.

वरच एजन्सीचा नवा करारनामा होता, तीन वर्षांचा, सही-शिक्क्यासह. मी तो दोनदा वाचून दाखवला. नाना खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले.

खाली स्पंजात सहा वस्तू होत्या. काळ्याभोर, धातूच्या. आकार हुबेहूब गावंडेभाऊंच्या ठोकळ्याचा, फक्त कडा अशा सुरेख की हात फिरवत राहावा. वर कंपनीची पट्टी, अस्सल. छापलं होतं, फक्त अमरावती-अकोल्यासाठी. आत बॅटरी नाही, तार नाही, बटण नाही.

"मंग हे करते काय?" काकूंनी विचारलं.

गावंडेभाऊ एक उचलून शेजारच्या सोनाराकडे गेले. वजन करून परत आले. "दोनशे चाळीस ग्रॅम," म्हणाले. "ना एक कमी, ना एक जास्त."

मी दुसरा हातात घेऊन बघत होते. समोरच्या बाजूला, बरोबर मधोमध, एक गोल खळी होती. उथळ, गुळगुळीत. आजूबाजूला एकही फट नव्हती. स्क्रूची जागा खाली होती. मग ही कशाला? नानांनी चष्मा लावून बघितलं, त्यांनाही कळेना. गावंडेभाऊंनी उजेडात धरून फिरवून बघितलं. कॅमेऱ्याची अशी खळी त्यांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती.

काकू तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन आल्या. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, माझ्या हातातल्या त्या वस्तूवर टेकवलं, आणि बोट खळीत बरोब्बर बसलं.